लिश्मानियाचं जीपी६३ आणि मॅक्रोफेज: इन्फेक्शनचे प्रयोग (अ‍ॅसे) करताना या चुका टाळा

काळा आजारावर काम करणाऱ्या लॅबमध्ये नवीन आलेल्या मुलांना जीपी६३ पहिल्या आठवड्यातच पाठ होतं. लिश्मानिया म्हणजे काळा आजाराचा परजीवी, आणि जीपी६३ म्हणजे त्याच्या अंगावर बसलेलं, झिंकवर चालणारं प्रोटीएज (प्रोटीन कापणारं एन्झाइम). वाळूमाशी चावली, परजीवी रक्तात आला की कॉम्प्लिमेंटचं (रक्तातल्या जंतू फोडणाऱ्या प्रोटीनांचं) सी३बी त्याला चिकटतं, जीपी६३ ते कापून आयसी३बी करतं, मग परजीवी फुटत नाही आणि वर त्याच आयसी३बीला धरून सीआर३ रिसेप्टरमधून मॅक्रोफेजच्या (जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशीच्या) आत शिरतो. आत गेल्यावर जीपी६३ एसएचपी-१ सारखे फॉस्फेटेज (पेशीतले निरोप बंद करणारी एन्झाइम) कापून चालू करतं, म्हणून इंटरफेरॉन गॅमाचा, म्हणजे परजीवी मारायला सांगणारा, निरोप पुढे पोचत नाही. हे सगळं बरोबरच आहे, पण प्रयोगात दिसलेली कापाकापी खरंच पेशी जिवंत असताना झाली का, हे मात्र फार कमी जण तपासतात.

मी सगळ्यात जास्त वेळ इथेच घालवलाय. इन्फेक्शन द्यायचं, चार तासांनी पेशी लायसिस बफरमध्ये (पेशी फोडणाऱ्या द्रावणात) घ्यायच्या, बर्फावर ठेवायच्या, ब्लॉट करायचा (जेलवर प्रोटीन वेगळी करून अँटिबॉडीने हवं ते शोधायचं), आणि प्रोटीनचा बँड गायब! सगळे खूश. पण पेशी फुटली तसा परजीवीपण फुटला ना, मग त्याचं जीपी६३ मोकळं सुटून ट्यूबमध्येच सगळं कापत बसतं. आपण टाकलेलं पीएमएसएफ हे इन्हिबिटर सेरीन प्रोटीएजसाठी असतं, ईडीटीए-फ्री इन्हिबिटर कॉकटेलनेही मेटॅलोप्रोटीएज (जीपी६३सारखं धातूवर चालणारं) थांबत नाही. म्हणून बफरमध्ये धातू ओढून घेणारं १,१०-फेनॅन्थ्रोलिन घाला, किंवा पेशी थेट गरम सॅम्पल बफरमध्ये घ्या आणि लगेच ९५ डिग्रीला उकळा, नुसतं एसडीएस टाकून बेंचवर ठेवू नका कारण हे एन्झाइम तेवढ्याने गप्प बसत नाही. आणि एक कंट्रोल कधीच सोडू नका: इन्फेक्शन न दिलेले मॅक्रोफेज वेगळे फोडा, परजीवी वेगळे फोडा, दोन्ही लायसेट (फोडलेल्या पेशींचे अर्क) मिसळून अर्धा तास ठेवा. इथेही बँड गेला तर तुमचा निकाल पेशीतला आहे असं म्हणता येत नाही. आमचे तीन महिन्यांचे ब्लॉट या एका कंट्रोलमुळे बाद झाले, तेव्हा वाईट वाटलं, पण पेपरमध्ये चुकीचं जाण्यापेक्षा ते बरं.

झायमोग्राम, म्हणजे जेलमध्येच एन्झाइमचं काम बघणं, करताना उलट चूक होते. जिलेटिन जेलवर लोड करायचं सॅम्पल सवयीने उकळलं, मर्कॅप्टोइथेनॉल घातलं, की एन्झाइम मेलं, मग निळ्या जेलवर पांढरा पट्टा कुठून येणार. उकळू नका, रिड्यूसिंग एजंट नको, आणि रन झाल्यावर ट्रायटनने एसडीएस नीट धुवा.

इन्हिबिटर थेट को-कल्चरमध्ये (मॅक्रोफेज आणि परजीवी एकत्र असतात तिथे) ओतू नका, फेनॅन्थ्रोलिन मॅक्रोफेजचंही झिंक आणि लोह ओढतं. आधी परजीवींना द्या, धुवा, मग इन्फेक्शन. सोबत १,७-फेनॅन्थ्रोलिन ठेवा, ते धातू तसा धरत नाही, त्यानेही तोच इफेक्ट आला तर कारण जीपी६३ नाही.

परजीवी इन्फेक्ट करत नसतील तर आधी पॅसेज नंबर (कल्चर कितीदा नव्या फ्लास्कमध्ये टाकलं ते) बघा. वर्षभर फ्लास्कमध्ये फिरवलेल्या कल्चरची व्हिरुलन्स (रोग करायची ताकद) जाते, प्राण्यातून नवीन काढलेले अमास्टिगोट (मॅक्रोफेजमधलं गोल रूप) प्रोमॅस्टिगोटमध्ये (वाळूमाशीतलं शेपटीवालं रूप) बदलून फ्रोझन स्टॉक करा, स्टेशनरी फेजचेच (वाढ थांबलेले) वापरा.

सीरमचं पण तसंच. ५६ डिग्रीला ३० मिनिटं ठेवलेल्या सीरममध्ये कॉम्प्लिमेंट निकामी असतं, मग सी३बीचा मार्ग तपासतोय असं म्हणायला काही अर्थ उरत नाही. फ्रेश सीरम थोडंच घाला, जास्त झालं तर प्रोमॅस्टिगोटच फुटतात, लॉग फेजवाले (जोरात वाढणारे) तर आधी.

ई. कोलाय बॅक्टेरियात बनवलेलं जीपी६३ मॅक्रोफेजवर टाकून टीएनएफ (सूज आणणारं प्रोटीन) वाढलं तर एकदम आनंद नको. तेच सॅम्पल उकळून टाका, तरी वाढलं तर तो एलपीएसचा, म्हणजे बॅक्टेरियाच्या आवरणातल्या, उकळूनही न मरणाऱ्या विषाचा प्रताप.

स्लाइड मोजताना घाई नको. जिम्सा रंगात अमास्टिगोट म्हणजे एक गोल ठिपका (न्यूक्लियस) आणि शेजारी छोटी काडी (कायनेटोप्लास्ट, परजीवीचा डीएनएचा गठ्ठा), दोन्ही दिसले तरच मोजा, नुसते जांभळे ठिपके रंगाचा गाळही असू शकतात. बाहेर चिकटलेले नीट धुवून काढा नाहीतर चिकटणं आणि आत शिरणं एकच आकडा होऊन बसतं.

आणि अमास्टिगोटवर जीपी६३ बरंच कमी असतं. ७२ तासांनंतरचा इफेक्ट पाहताय तर सिस्टीन प्रोटीएजकडे बघा, त्यांचं इन्हिबिटर ई-६४ लावून बघा, प्रोमॅस्टिगोटवरचा निष्कर्ष तसाच पुढे ढकलू नका.