गणित विभागातील संशोधनपर व्याख्यान: तयारीची यादी

व्याख्यानाची तयारी तारखेपासून सुरू होते, आणि नागपुरात तारीख ठरवताना विद्यापीठाच्या वेळापत्रकाबरोबर विधिमंडळाचेही पाहावे लागते. रामानुजन यांचा जन्मदिवस, म्हणजे २२ डिसेंबर, राष्ट्रीय गणित दिन म्हणून साजरा होत असल्याने पुष्कळ विभाग त्याच आठवड्यात व्याख्याने ठेवतात. हिवाळी अधिवेशनही सहसा डिसेंबरातच भरते. तेव्हा सिव्हिल लाइन्स आणि सीताबर्डीच्या परिसरात खोली मिळता मिळत नाही आणि मोर्च्यांमुळे रस्ते वळवलेले असतात. म्हणून बाहेरगावच्या वक्त्यासाठी खोली महिनाभर आधी राखून ठेवावी, नाही तर सरळ जानेवारीतली तारीख घ्यावी. मे महिना टाळलेलाच बरा, कारण पारा ४५ अंशांच्या आसपास असताना कूलर बंद ठेवता येत नाही आणि चालू ठेवला तर मागच्या बाकांवर शब्द पोहोचत नाही. वर्धा-भंडाऱ्याकडून येणारे प्राध्यापक आणि संशोधक विद्यार्थी संध्याकाळची गाडी गाठणार हे लक्षात घेऊन वेळ सकाळी अकराची ठेवावी.

त्यानंतर वक्त्याकडून शीर्षक आणि सारांश मागवावा. सारांशाचा निदान पूर्वार्ध तरी एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला कळेल असा असावा, आणि तो व्हॉट्सअॅपवर फिरवण्यापूर्वी कोणीतरी वाचून पाहावा; लाटेक या गणिती मजकूर जुळवण्याच्या प्रणालीतून जसाच्या तसा उचललेला मजकूर डॉलरच्या खुणा आणि तिरप्या रेघांनी भरलेला येतो व तो कोणीच वाचत नाही.

खरी मेहनत आशयावर आहे, आणि तिथे वक्त्याने एक गोष्ट मनात पक्की करावी: समोर शुद्ध आणि उपयोजित अशा दोन्ही गणितांतले लोक बसलेले असतात आणि त्यांतल्या बहुतेकांचा विषय आपला नसतो. स्थिरबिंदू सिद्धांतावर, म्हणजे फलन ज्यांना जागचे हलवत नाही अशा बिंदूंच्या अभ्यासावर, बोलणाऱ्याने पहिल्याच स्लाइडवर आपल्या नव्या प्रमेयाच्या सहा अटी मांडू नयेत. स्थिरबिंदू नक्की मिळण्याची अट सांगणाऱ्या बानाख यांच्या १९२२ च्या प्रमेयापासून सुरुवात करून आधी [१, ∞) वरील f(x) = x + १/x हे फलन फळ्यावर लिहावे. त्यात कोणत्याही दोन भिन्न बिंदूंमधील अंतर कमी होते, अवकाशही पूर्ण आहे (एकमेकांच्या जवळ येत जाणाऱ्या बिंदूंची सीमा त्यातच सापडते), तरी स्थिरबिंदू मिळत नाही, कारण त्यासाठी १/x शून्य व्हावे लागेल. अंतर नुसते कमी होऊन भागत नाही, ते १ पेक्षा लहान अशा एकाच ठराविक गुणकाने कमी व्हावे लागते, हे या दोन ओळींत स्पष्ट होते, आणि आपल्या प्रमेयात ती अट नेमकी कुठे सैल केली आहे हे सांगायला जागा तयार होते. उपयोजित बाजूच्या वक्त्याने याउलट रंगीत आलेखांची आतषबाजी आवरून समीकरण, सीमा-अटी आणि पद्धत स्थिर राहण्याची अट आधी सांगावी. एकमितीय उष्णता समीकरण uₜ = uₓₓ साध्या स्पष्ट (explicit) पद्धतीने, म्हणजे आधीच्या क्षणाच्या किमतींवरून पुढच्या थेट काढत, सोडवताना वेळेची पायरी Δt आणि अंतराची पायरी Δx यांचे Δt/(Δx)² हे गुणोत्तर १/२ च्या पुढे जाऊ देता येत नाही; म्हणजे Δx = ०.०१ घेतले तर Δt ०.००००५ पेक्षा मोठा चालत नाही. हा आकडा ऐकला की संगणकाला इतका वेळ का लागतो, हे शुद्ध गणितवाल्यालाही उमगते.

पन्नास मिनिटांत एकच सिद्धता पुरी करावी, तीही फळ्यावर, कारण स्लाइडवरची सिद्धता श्रोत्यांपेक्षा पुढे पळते. बाकीच्या सिद्धतांची कल्पना तोंडी सांगितली तरी पुरते. तालीम विभागातल्याच दोघा-तिघांसमोर घड्याळ लावून करावी, आणि त्यांत एक जण दुसऱ्या शाखेचा असावा, हा आग्रह सोडू नये.

सभागृहात आदल्या दिवशी जाऊन प्रोजेक्टरची वायर वक्त्याच्या लॅपटॉपला बसते का ते पाहावे. पीडीएफ पेनड्राइव्हवरही ठेवावी. खडू, ओले फडके आणि शेवटच्या बाकावरून वाचता येणारे अक्षर यांची खातरजमा तेव्हाच होते. पाहुण्यांना सावजी जेवण जरूर खिलवावे, पण रात्री, व्याख्यानाआधी नव्हे.

सूत्रसंचालकाने परिचय दोन मिनिटांत आटोपावा आणि एक प्रश्न स्वतःजवळ तयार ठेवावा, कारण पहिला प्रश्न कोणी विचारेपर्यंत विद्यार्थी गप्पच बसतात. हा प्रश्न अमुक अट काढली तर काय बिघडते, अशा साध्या स्वरूपाचा असावा. आभारप्रदर्शन प्रश्नोत्तरांनंतर ठेवावे. आधी ठेवले की लोक उठून चहाकडे वळतात. प्रवासखर्चाचा अर्ज आणि प्रमाणपत्र वक्ता निघण्यापूर्वीच हाती द्यावे, आणि प्रमाणपत्रावरील नावाचे स्पेलिंग छापण्याआधी त्यांच्याकडूनच तपासून घ्यावे.