अद्ययावत केल्यावर गेलेला रूट परत कसा मिळवला

सिस्टिम अपडेट झाल्यावर माझ्या अँड्रॉइड फोनवरचा रूट, म्हणजे सिस्टिमवरचा पूर्ण ताबा, नाहीसा झाला आणि तो मिळवून देणाऱ्या मॅजिस्कच्या ॲपमध्ये मॅजिस्क स्थापितच नसल्याचे दिसू लागले. यात नवल नव्हते, कारण मॅजिस्कने पॅच केलेल्या, म्हणजे रूटसाठी बदललेल्या, प्रतिमेच्या (फोनच्या एखाद्या विभागात बसणाऱ्या फाइलच्या) जागी अपडेट मूळ प्रतिमा बसवते. म्हणून नव्या फर्मवेअरमधून (फोनच्या सिस्टिम सॉफ्टवेअरच्या संचातून) फोन सुरू होताना लागणारी बूट प्रतिमा काढून ती मॅजिस्कने पॅच केली आणि फास्टबूटमधून, म्हणजे संगणकावरून केबलने, फोनवर चढवली. फोन व्यवस्थित सुरू झाला, रूट मात्र आला नाही. दोन संध्याकाळी मी केबल आणि ड्रायव्हर यांनाच दोष देत राहिलो, जे आता आठवले की हसू येते.

खरे कारण वेगळे होते. जे फोन मुळातच अँड्रॉइड १३ घेऊन बाजारात आले, त्यांपैकी अनेकांत मॅजिस्कला लागणारा रॅमडिस्क (फोन सुरू होताना आधी वापरल्या जाणाऱ्या फाइलींचा छोटा संच) 'बूट' विभागात नसून 'इनिट_बूट' या स्वतंत्र विभागात असतो, आणि माझा फोन त्यांपैकीच होता. त्यामुळे मी चुकीचीच प्रतिमा पॅच करत होतो. आधी मूळ बूट प्रतिमा परत बसवली, मग फोनवरील बिल्ड क्रमांकाशी तंतोतंत जुळणाऱ्या फर्मवेअरमधील इनिट_बूट पॅच करून त्याच विभागात चढवली. बूटलोडर (फोन सुरू करणारा प्रोग्राम) खुला करताना फोनवरील माहिती पुसली जाते, पण माझा आधीच खुला असल्याने ती पुसली गेली नाही.

टर्मिनल ॲपमध्ये 'सु' ही रूट मागणारी आज्ञा दिल्यावर तरीही परवानगी नाकारली जात होती. घाईत कधीतरी मीच दिलेला नकार मॅजिस्कने लक्षात ठेवला होता. सुपरयूजर यादीत त्या ॲपसमोरचे बटण चालू करताच तेही सुटले.