स्टेडियममध्ये मागच्या ओळीला सीमारेषा दिसेल कशी?

स्टेडियमच्या आराखड्यात आधी छत नको, दृष्टिरेषा काढा. पुढच्या प्रेक्षकाच्या डोळ्याच्या किती वरून मागच्याची नजर जाते, ते अंतर म्हणजे सी-व्हॅल्यू. 60 मिमी किमान, 90 चांगली, 120 उत्तम. उन्हात टोप्या घालणाऱ्या क्रिकेटच्या गर्दीसाठी 150 धरलेली बरी.

सूत्र: C = D(N+R)/(D+T) − R. D म्हणजे पुढच्याच्या डोळ्यापासून सीमारेषेपर्यंतचं आडवं अंतर, R त्याच डोळ्याची रेषेपासूनची उंची, N पायरीची उंची, T ओळीची खोली.

D 12 मी., R 2.2 मी., N 30 सेंमी, T 80 सेंमी घेतले तर C येते 144 मिमी. छान! पण त्याच चढानं 20 ओळी मागे जा: D 28, R 8.2, आणि C फक्त 64. फसगत होते ती इथेच, कारण पहिल्या दोन-चार ओळी तपासून काम थांबवलं जातं. तिथे पायरी 33 सेंमी केली की C 93 होते. म्हणून चढ मागे वाढत जायला हवा.

प्रत्येक ओळीला वेगळी उंची दिली तर प्रीकास्टचे, म्हणजे आधीच ओतून तयार केलेल्या काँक्रीट पायऱ्यांचे, साचे वाढतात. चार-पाच ओळींचे गट करा आणि प्रत्येक गटाची शेवटची ओळ तपासा. चढ 34 अंशांपुढे नेऊ नका, म्हणजे 80 सेंमी खोलीला सुमारे 54 सेंमीची पायरी.

जाहिरातफलक आणि पुढचं रेलिंग छेदात, म्हणजे स्टँड उभा कापून दाखवणाऱ्या चित्रात, आधीच काढा. नंतर बसवलेला फलक अख्खं गणित खातो.