एडीएम जबलपूर निकालावर लिहिताना या चुका टाळा

‘एडीएम (अतिरिक्त जिल्हा दंडाधिकारी), जबलपूर विरुद्ध शिवकांत शुक्ल’ हा आणीबाणीतला सुप्रीम कोर्टाचा निकाल. उत्तरपत्रिका तपासताना २८ एप्रिल १९७६ च्या या निकालाबद्दल दरवर्षी त्याच त्या चुका सापडतात.

सगळ्यात जास्त वेळा दिसणारं वाक्य: ‘सुप्रीम कोर्टाने मिसाखालच्या अटका कायदेशीर ठरवल्या.’ (मिसा म्हणजे खटला न चालवता स्थानबद्ध करू देणारा तेव्हाचा कायदा.) कोर्ट तिथवर गेलंच नाही. वाद उंबरठ्यावरचा होता. कलम २१ सारख्या मूलभूत हक्कांसाठी कोर्टात जाण्याची मुभा स्थगित करणारा, कलम ३५९ खालचा २७ जून १९७५ चा राष्ट्रपतींचा आदेश लागू असताना स्थानबद्ध माणसाला हायकोर्टात हेबिअस कॉर्पसची, म्हणजे आपली कैद कायदेशीर आहे का ते कोर्टाने तपासावं अशी, दाद मागता येते का? नऊ हायकोर्टांनी ‘येते’ म्हटलं होतं. सुप्रीम कोर्टाने चार विरुद्ध एक मतांनी ‘नाही’ म्हटलं. अटक निव्वळ आकसाने झाली असली, तरी ती तपासायचीच नाही. ‘कायदेशीर ठरवल्या’ असं लिहिलंत की यातलं भयंकर तेच निसटतं.

दुसरी चूक, मत कुणाचं ते न बघणं. पाच न्यायमूर्ती, पाच वेगळी निकालपत्रं. एका मूट कोर्टात (विद्यार्थ्यांच्या सरावाच्या खटल्यात) माझ्या विद्यार्थिनीने, कलम २१ (जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क) स्थगित असलं तरी कायद्याच्या आधाराशिवाय कुणाचं स्वातंत्र्य हिरावता येत नाही, हा उतारा ‘सुप्रीम कोर्ट म्हणतं’ म्हणून वाचला. परीक्षकांनी विचारलं, “कोणते न्यायमूर्ती?” तिला सांगता येईना. उतारा न्या. खन्नांचा होता, म्हणजे एकट्याच्या विरोधी मताचा. तयार नोट्समधून उचललेला; मूळ निकाल उघडलाच नव्हता. पुढचा सगळा युक्तिवाद तिथेच कोसळला. परीक्षेच्या आदल्या रात्री नोट्स शोधणाऱ्यांचं हे असंच होतं. मी आजही प्रत्येक उताऱ्याशेजारी पेन्सिलीने न्यायमूर्तींचं आडनाव लिहितो. वेळ जातो, जाऊ दे. जानेवारी १९७७ मध्ये खन्नांना डावलून न्या. बेग यांना सरन्यायाधीश नेमलं गेलं आणि खन्नांनी राजीनामा दिला. त्यांचे शब्द बहुमताच्या नावावर टाकलेले मला बघवत नाहीत.

४४ व्या घटनादुरुस्तीने हा निकाल उलटवला, असंही लिहू नका. १९७८ च्या त्या दुरुस्तीने कलम २० (गुन्ह्याच्या आरोपात मिळणारं संरक्षण) आणि २१ ची अंमलबजावणी आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही, अशी तरतूद केली. निकाल उलटवला तो सुप्रीम कोर्टानेच, २०१७ च्या खासगीपणाच्या हक्कावरच्या पुट्टस्वामी खटल्यात, नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने.

खटल्याच्या नावातले शिवकांत शुक्ल स्थानबद्धांपैकी एक होते, अपीलकर्ते नव्हते; अपील सरकारी बाजूचं होतं.

हायकोर्टातल्या याचिकाकर्त्यांना ‘गुन्हेगार’ म्हणू नका. खटला न चालवता डांबलेली माणसं होती ती.

वाचायचा क्रम विचाराल, तर मी आधी बहुमताची चार निकालपत्रं वाचायला लावतो आणि मग खन्ना. खन्नांपासून सुरुवात केली, की सरकारची बाजू चौघांना का पटली ते नीट वाचायला कुणी थांबतच नाही.