आधी सापडा, मग दिसा : घरगुती खाद्यव्यवसायाची मोफत ऑनलाइन जाहिरात कशी करावी

घरून भाजणी, मेतकूट, मसाले, लोणची, दिवाळीचा फराळ असं काही विकणाऱ्यांसाठी हा लेख आहे. बरेच जण सुरुवात इन्स्टाग्रामपासून करतात. नाव ठरतं, लोगो बनतो, पहिलं रील पडतं, मैत्रिणी हार्ट देतात आणि ऑर्डर काही येत नाही. तेव्हाच त्याच गावात कुणीतरी फोनवर ‘थालीपीठ भाजणी जवळपास’ असं शोधत असतं. त्या माणसाला खरेदी करायचीच आहे, फक्त तुम्ही त्याला सापडत नाही. म्हणून आधी शोधणाऱ्याला सापडण्याची सोय करा, मग विचारणाऱ्याला पटकन उत्तर मिळण्याची. न शोधणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर जाणं हे तिसरं काम. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने आहेत.

एक गोष्ट मात्र ऑनलाइन जाण्याआधी हवी. खाण्याचा पदार्थ घरून विकत असलात तरी एफएसएसएआयची, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी लागते. ती ऑनलाइन करता येते आणि 14 अंकी क्रमांक मिळतो. तो पाकिटावर छापा आणि प्रोफाइलवरही लिहा. तुम्हाला कधीही न भेटलेला ग्राहक तुमच्या हातचं खाणार आहे, त्याला हा क्रमांक दिसला की बराच धीर येतो. पाकिटावर वजन, किंमत, बनवल्याची तारीख, घटक आणि तुमचा पत्ता हेही असू द्या. पाकिटाचा हाच फोटो पुढे सगळीकडे लागणार आहे.

पायरी 1 : गूगलवर नोंद करा

गूगल बिझनेस प्रोफाइल पूर्ण मोफत आहे. 2021 पर्यंत ते गूगल माय बिझनेस या नावाने ओळखलं जायचं. गूगल मॅप्सवर दुकानाचं नाव, वेळ, फोटो, तारे आणि फोनचं बटण दिसतं ते यातूनच येतं.

घरून काम करणाऱ्यांना पहिली शंका पत्त्याची असते, आणि विशेषतः बायकांना ती वाटणं रास्त आहे. घराचा पत्ता लोकांना दाखवायची सक्ती नाही. नोंद करताना पत्ता लपवून फक्त सेवा देण्याचा परिसर देता येतो: सांगली, मिरज, कुपवाड असा. अट एवढीच की ग्राहकाशी प्रत्यक्ष गाठ पडली पाहिजे, म्हणजे तुम्ही घरपोच देता किंवा तो घ्यायला येतो. सगळा माल फक्त कुरियरने जात असेल तर ही नोंद तुमच्यासाठी नाही, तुम्ही थेट दुसऱ्या पायरीवर जा.

नावाच्या रकान्यात तुमचं खरं नाव लिहा, जे पाकिटावर आहे तेच. ‘अन्नपूर्णा बेस्ट फराळ चकली भाजणी सांगली’ असली लांबण लावली तर नियमभंग होतो आणि प्रोफाइल निलंबित होऊ शकतं. शोधात येणारे शब्द वर्णनात घाला. त्यासाठी 750 अक्षरांची जागा असते. पहिल्या दोन ओळींत काय बनवता, कुठे देता आणि किती दिवस आधी सांगावं लागतं हे येऊ द्या. वर्णन मराठीत लिहा आणि पदार्थांची नावं एकदा इंग्रजी लिपीतही द्या, कारण आपल्याकडे बरेच जण मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत टाइप करूनच शोधतात.

मग पडताळणी येते. हल्ली बहुतेकदा व्हिडिओ मागतात. तो न थांबवता, एकाच दमात चित्रित करायचा असतो: बाहेरचा रस्ता आणि पाटी, मग आतलं काम, म्हणजे गिरणी, डबे, सीलिंगचं यंत्र, तुमच्या नावाची लेबलं. चेहरा दाखवायची गरज नाही. पहिल्या खेपेला नाकारलं गेलं तर खचू नका. लेबलावरचं नाव आणि प्रोफाइलवरचं नाव तंतोतंत जुळतंय ना ते पाहा आणि पुन्हा पाठवा.

‘गूगलवर पहिल्या नंबरला आणतो, एवढे पैसे भरा’ असे फोन येतील. मॅप्सवरच्या यादीतला क्रम गूगल पैसे घेऊन बदलत नाही. शोधाशी तुमचा मेळ किती, अंतर किती आणि तुमची ओळख किती, या तीन गोष्टींवर तो ठरतो. पैकी अंतर तुमच्या हातात नाही. उरलेल्या दोन गोष्टी अचूक वर्णन, ताजे फोटो आणि अभिप्राय यांनी सुधारतात.

पायरी 2 : व्हॉट्सॲप बिझनेस नीट लावा

ऑर्डर शेवटी इथेच येते, त्यामुळे या पायरीला एक पूर्ण दुपार द्या. व्हॉट्सॲप बिझनेस हे वेगळं, मोफत ॲप आहे. एकच नंबर साध्या आणि बिझनेस अशा दोन्ही ॲपवर एकाच वेळी चालत नाही, म्हणून धंद्यासाठी दुसरं सिम घ्यावं असं माझं ठाम मत आहे. रात्री अकरा वाजता आलेल्या ‘चकली आहे का?’ला सकाळी उत्तर दिलेलं चालतं, पण ते घरच्या गप्पांत हरवून चालत नाही.

ॲपमध्ये आधी कॅटलॉग भरा. प्रत्येक पदार्थाला एक फोटो, वजन, किंमत आणि दोन ओळी. किंमत उघड लिहा. ‘किंमत इनबॉक्समध्ये विचारा’ या वाक्याने जितकी गिऱ्हाइकं परत गेली असतील तितकी महागाईने गेली नसतील. ज्याला परवडणार नाही तो विचारूनही घेणार नाही, आणि ज्याला परवडतं तो विचारण्याच्या संकोचाने गप्प राहतो.

त्यानंतर झटपट उत्तरं. रोज तेच तेच टाइप करावं लागतं: दरपत्रक, घरपोच देण्याचे दिवस, किती दिवस टिकतं, पैसे कसे द्यायचे. ही चार उत्तरं एकदा शांतपणे लिहून साठवा. मग गप्पांच्या चौकटीत तिरकी रेघ (/) टाकली की ती यादीतून निवडता येतात. तळणीसमोर उभं असताना याचं मोल कळतं.

लेबलंही वापरा. नवीन ऑर्डर, पैसे बाकी, पैसे मिळाले, ऑर्डर पूर्ण अशी लेबलं ॲपमध्ये तयारच असतात. दिवाळीत साठ-सत्तर जणांशी एकदम बोलणं चालू असतं. कुणाचे पैसे आले आणि कुणाचं पाकीट राहिलं हे त्यामुळे एका नजरेत दिसतं.

ब्रॉडकास्ट यादीबद्दल, म्हणजे एकच निरोप अनेकांना एकदम पण वेगवेगळा पाठवण्याच्या सोयीबद्दल, एक तांत्रिक बाब ठाऊक असू द्या. एका यादीत 256 जण बसतात, आणि ज्यांनी तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये जतन केलाय त्यांनाच निरोप पोचतो. म्हणून पहिल्या ऑर्डरसोबतच ‘नंबर सेव्ह करून ठेवा, नवीन पदार्थ निघाला की कळवते’ असं सांगा. जो हो म्हणेल त्यालाच यादीत घ्या. दोन आठवड्यांतून एक निरोप पुरे. रोज सुप्रभातची चित्रं पाठवणाऱ्याला लोक ब्लॉक करतात, आणि तसं झालं की दिवाळीचा निरोपही पोचत नाही.

ॲपच्या बिझनेस टूल्समध्ये छोटी लिंक आणि क्यूआर कोड मिळतो. ती लिंक दाबली की थेट तुमच्याशी गप्पा उघडतात. लिंक गूगल प्रोफाइलवर आणि इन्स्टाग्रामच्या बायोमध्ये टाका, क्यूआर पाकिटावर छापा. पाहुण्यांच्या घरी चिवडा आवडलेल्या माणसाने पाकीट उलटं करून तिथूनच ऑर्डर द्यावी, इतकं हे सोपं हवं.

पायरी 3 : फोटो

महागडा कॅमेरा लागत नाही. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास खिडकीजवळ, थेट ऊन पडत नसेल तिथे, फोनची लेन्स रुमालाने पुसून फोटो काढा. फ्लॅश बंद. पितळी ताट, केळीचं पान किंवा साधं स्टीलचं भांडं चालतं, फक्त मागे पसारा नको. इंटरनेटवरून उचललेला फोटो कधीही लावू नका. चित्रातली चकली एक आणि डब्यातली दुसरी निघाली की ते गिऱ्हाईक पुन्हा येत नाही.

दरपत्रक किंवा सणाचं पोस्टर करायचं तर कॅनव्हा या चित्रं-पोस्टर बनवण्याच्या ॲपची मोफत आवृत्ती पुरते. देवनागरी अक्षरं निवडताना ‘पुऱ्या’, ‘श्रीखंड’, ‘कुरडया’ हे शब्द लिहून पाहा. जोडाक्षरं फुटत असतील तर टंक (फॉन्ट) बदला. मुंबईच्या ‘एक टाइप’ या टंक बनवणाऱ्या संस्थेने केलेले ‘मुक्त’ आणि ‘बलू’ हे टंक गूगल फॉन्ट्सवर विनामूल्य आहेत आणि मराठी त्यांत छान उमटतं. एका पोस्टरवर एकच पदार्थ, एक किंमत आणि एक तारीख. लोक ते फोनवर, चालता चालता बघतात.

पायरी 4 : पंचांग बघून पोस्ट ठरवा

रोज काय टाकायचं हा प्रश्न खाण्याच्या धंद्याला पडायलाच नको, कारण आपलं वर्षच त्याचं उत्तर देतं. संक्रांतीला गुळाची पोळी, फाल्गुन-चैत्रात कुरडया-पापडांचं वाळवण, मे महिन्यात कैरीचं लोणचं आणि वर्षभराचा मसाला, आषाढी एकादशीला उपवासाची भाजणी, गणपतीत मोदकाचं पीठ, मग फराळ. कॅलेंडर पुढे घ्या आणि प्रत्येक सणाच्या तीन-चार आठवडे आधी खूण करा. पोस्ट त्या खुणेपासून सुरू व्हायला हवी.

दिवाळीच्या बाबतीत तर वेळेलाच महत्त्व आहे. वसुबारसेला टाकलेल्या सुंदर पोस्टचा उपयोग शून्य, तोवर घरोघरी डबे भरलेले असतात. परदेशात मुलाबाळांना फराळ पाठवणारे आईवडील सर्वांत आधी विचारू लागतात, त्यामुळे परदेशच्या ऑर्डरी घटस्थापनेला उघडा आणि दसऱ्याच्या सुमारास बंद करा. चकलीची भाजणी विकत असाल तर तीही तेव्हाच पुढे आणा, कारण घरी चकल्या करणाऱ्यांना पीठ आधी लागतं. तयार फराळाच्या स्थानिक ऑर्डरी कोजागिरीपर्यंत जोरात घ्या आणि तुमच्या हाताला झेपेल त्या आकड्याला थांबा. ‘या वर्षीच्या ऑर्डर पूर्ण झाल्या’ ही पोस्टही टाका. पुढच्या वर्षी तीच माणसं लवकर येतात.

रील करताना प्रक्रिया दाखवा. भाजणीची धान्यं वेगवेगळी भाजताना रंग कसा पालटतो, मिरची कुटताना हिंगाचा खडा कधी पडतो, चकलीचा सोऱ्या फिरतो तेव्हा काटे कसे उठतात. आपल्याला हे रोजचं वाटतं, पण शहरात एकट्या राहणाऱ्या मुलाला यात आजीचं घर दिसतं. पंधरा-वीस सेकंद पुरतात. पहिल्या दोन सेकंदांत पदार्थ दिसलाच पाहिजे, नमस्कार-चमत्कार नंतर. आवाज शक्यतो खराच ठेवा: तळणीची चरचर, खलबत्त्याचा ठोका. चित्रपटातली गाणी धंद्याच्या जाहिरातीत वापरायला परवानगी लागते आणि बिझनेस खात्यावर त्यातली बरीच मिळतही नाहीत. संगीत हवंच असेल तर मेटाचं (इन्स्टाग्राम-फेसबुकच्या कंपनीचं) साउंड कलेक्शन किंवा यूट्यूबची ऑडिओ लायब्ररी बघा.

एकदा केलेलं रील इन्स्टाग्राम, फेसबुक पेज, यूट्यूब शॉर्ट्स आणि व्हॉट्सॲप स्टेटस अशा चारही ठिकाणी टाका. गावाचं नाव आणि लोकेशन टॅग विसरू नका. लाख लोकांनी पाहिलेलं रील उत्तरेकडच्या राज्यांत फिरत असेल तर तुमच्या कामाचं नाही, गावातल्या तीनशे जणांनी पाहिलेलं आहे. आठवड्याला दोन रीलं झेपत असतील तर दोनच करा. रोजच्या हट्टापायी पदार्थाकडे दुर्लक्ष नको.

पायरी 5 : स्थानिक गट

सोसायटीचे, शाळेच्या पालकांचे व्हॉट्सॲप गट आणि गावाचे फेसबुक ग्रुप यांतून पहिली ऑर्डर बहुधा येते. टाकण्याआधी ॲडमिनला विचारा. अनेक ठिकाणी जाहिरातीचा वार ठरलेला असतो, तो पाळा. परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांच्या गटांवरही फराळाची चौकशी असते, पण तिथे स्वतः घुसण्यापेक्षा एखाद्या ग्राहकाने तुमचं नाव सुचवलेलं फार बरं.

पायरी 6 : अभिप्राय मागा

लोक तोंडावर कौतुक करतात, पण लिहायचं राहून जातं. गूगल प्रोफाइलमधून अभिप्रायाची लिंक मिळते. पाकीट पोचल्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती पाठवा आणि नेमकं विचारा: ‘काकू, भाजणी कशी वाटली? दोन ओळी इथे लिहाल का?’ अभिप्रायाच्या बदल्यात सूट किंवा लाडू देणं गूगलच्या नियमात बसत नाही, आणि नातेवाइकांकडून खोटे तारे मिळवणं तर नकोच. वाईट अभिप्राय आला तर त्याच दिवशी, शांतपणे, सगळ्यांना दिसेल असं उत्तर द्या: काय झालं आणि तुम्ही काय करणार आहात. नवा ग्राहक एका ताऱ्याचा अभिप्राय आधी उघडतो आणि तुमचं उत्तर वाचून ठरवतो.

पायरी 7 : कुठून आले ते लिहून ठेवा

प्रत्येक नव्या ग्राहकाला विचारा, ‘आमच्याबद्दल कुठून कळलं?’ आणि ते वहीत किंवा गूगल शीटमध्ये टिपा. गूगल प्रोफाइलच्या कामगिरीच्या पानावर लोकांनी कोणते शब्द शोधून तुम्हाला गाठलं तेही दिसतं. लोक ‘मेतकूट’ शोधत येत असतील आणि तुमचे फोटो सगळे लाडवांचे असतील, तर पुढचा फोटो कशाचा काढायचा ते ठरलंच. तीन महिन्यांच्या नोंदीत ज्या ठिकाणाहून एकही ऑर्डर नाही, तिथला वेळ काढून घ्या. पैसे भरून पोस्ट ‘बूस्ट’ करण्याचा विचारही या नोंदी हातात आल्यावरच करा.

पैसे आणि खातं सांभाळा

नंबर जाहीर झाला की ठगांचेही फोन येतात. नेहमीचा प्रकार असा: कुणी लष्करातला अधिकारी असल्याचं सांगून मोठी ऑर्डर देतो, आगाऊ रक्कम पाठवतो म्हणतो आणि क्यूआर स्कॅन करून पिन टाकायला लावतो. यूपीआयवर पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे तुमच्या खात्यातून गेले. पैसे भरल्याचा स्क्रीनशॉटही ग्राह्य धरू नका, बँकेत रक्कम जमा झालेली दिसली की मगच पाकीट बाहेर काढा. व्हॉट्सॲपला सहा अंकी पिनची दुहेरी पडताळणी आजच चालू करा, इन्स्टाग्राम आणि गूगललाही करा, कारण खातं गेलं तर वर्षभराचे ग्राहकही जातात. तरीही फसवणूक झालीच तर लाजून वेळ घालवू नका. ताबडतोब 1930 या सायबर फसवणुकीच्या सरकारी मदत क्रमांकावर फोन करा, जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम वाटेतच अडवली जाण्याची शक्यता जास्त.