लुअर ओतणं सोपं, तसाच दुसरा ओतणं अवघड

मासे गरवायला रॉड-रील घेऊन खाडीवर जाणाऱ्या बहुतेक पोरांच्या मनात एकदा तरी येतं, की हा चार इंचांचा मऊ प्लास्टिकचा मासा, म्हणजे लुअर, गळाला लावायचं खोटं आमिष, आपणच घरी का करू नये? करावा, आणि जमल्यास विकावाही. मी पेण तालुक्यात राहतो. साच्यांचं काम गणपतीच्या कारखान्यात शिकलो आणि आता खाडीतल्या जिताडा माशासाठी सॉफ्ट प्लास्टिक, म्हणजे मऊ प्लास्टिकचे, लुअर ओतून विकतो. विचारायला येणाऱ्यांना मी एकच गोष्ट आधी सांगतो. बरा लुअर ओतायला महिनाभरात जमतं. धंदा मात्र तेव्हाच होतो, जेव्हा तोच लुअर, तेवढ्याच वजनाचा आणि तेवढाच मऊ, सहा महिन्यांनी परत ओतता येतो. गिऱ्हाईक दुसरं पाकीट मागवतं ते पहिल्या पाकिटावर मासा लागला म्हणून. त्याला तोच माल हवा असतो, सुधारलेला नको.

हा उद्योग मुळात घरगुतीच आहे. १९४९ च्या सुमारास अमेरिकेत ओहायोतल्या ॲक्रन गावी निक क्रीम नावाच्या यंत्र-कारागिराने घरच्या घरी प्लास्टिकचं गांडूळ ओतलं आणि तिथून आजच्या सॉफ्ट प्लास्टिकची कंपनी-पातळीवरची गोष्ट सुरू झाली. कच्चा माल आजही जवळपास त्याच जातीचा आहे. प्लास्टिसॉल म्हणजे पीव्हीसीची बारीक भुकटी आणि तिला मऊ ठेवणारं तेलासारखं द्रव्य यांचं दुधाळ, घट्टसर मिश्रण. खेळण्यांच्या आणि पकडींच्या मुठींच्या कारखान्यात वापरतात तेही प्लास्टिसॉलच, पण ते बहुधा लुअरसाठी फार कडक असतं. स्वस्त मिळालं म्हणून कॅनभर आणू नका. लुअरसाठीचं म्हणून विकतात तेच घ्या, आणि मिळत असेल तर थॅलेटविरहित, म्हणजे थॅलेट जातीचं मऊ करणारं रसायन नसलेलं, घ्या. माल हाताळणारे तुम्हीच असणार, रोज.

कॅन घरी आला की पहिलं काम हलवण्याचं. भुकटी जड असते, तळाशी बसते. न हलवता वरवरचं ओतून घेतलंत तर पहिले लुअर लिबलिबीत होतात आणि कॅन संपत आल्यावरचे चामड्यासारखे. बाटली हलवून भागत नाही, लांब दांड्याने तळ खरवडून ढवळावं लागतं. नव्या माणसाच्या तक्रारी ऐकताना मी आधी हेच विचारतो, कारण वेगवेगळ्या वेळच्या मालात फरक पडण्याचं सगळ्यात मोठं कारण साचा नसतो, रंगही नसतो. हे न ढवळणं असतं.

आता तापवणं. काचेच्या जाड, उष्णता सोसणाऱ्या कपात घेऊन मायक्रोवेव्हमध्ये थोडं थोडं तापवायचं, बाहेर काढून सावकाश ढवळायचं, परत ठेवायचं. हा मायक्रोवेव्ह वेगळाच हवा. त्यात पुन्हा कधीही अन्न गरम करायचं नाही, घरच्यांनी कितीही आग्रह केला तरी. मध्यावर माल कपड्याच्या खळीसारखा दाटतो आणि नवखा माणूस बिघडला म्हणून घाबरतो. तसं काही नसतं. आणखी तापला की तो पुन्हा पातळ होतो, दुधाळपणा जाऊन पारदर्शक दिसू लागतो. साधारण १७५ अंश सेल्सिअसला ओतण्याजोगा होतो. २०० च्या पुढे गेलात की पिवळा पडतो, करपतो आणि हायड्रोजन क्लोराइडचा वायू सोडतो, जो ओलसर श्वासनलिकेत जाऊन आम्ल बनतो. बंदुकीसारखा थर्मामीटर वापरत असाल तर तो फक्त वरच्या थराचं तापमान दाखवतो हे ध्यानात ठेवा. ढवळून मगच बघा.

सुरक्षिततेबद्दल थोडं कंटाळवाणं बोलणं भाग आहे. काम पडवीत किंवा अंगणात, वारा पाठीवर घेऊन. तोंडाला फडकं किंवा साधा मास्क बांधून वायू अडत नाही; आम्लवायू आणि सेंद्रिय वाफा दोन्हींसाठीच्या डब्या बसवलेला मास्क लागतो. पूर्ण बाह्या, चष्मा, जाड हातमोजे. वितळलेलं प्लास्टिक कातडीवर पडलं की चिकटून बसतं आणि भाजतच राहतं. पाणी मात्र कपाजवळ नको. ओल्या चमच्याचा एक थेंबही तापलेल्या मालात पडला तर वाफ होऊन माल तोंडावर उडतो. भाजलं तर हात बुडवायला बादली असावी, पण चार पावलं लांब. आणि लहान मुलं घरात असतील तर ती शाळेत गेल्यावरच कप तापवा.

साच्यांबाबत पेणकर असल्याचा मला फायदा झाला हे कबूल. इथे प्लास्टर ऑफ पॅरिस कसं कालवायचं, बुडबुडा कसा काढायचा, रबरी साच्याला आधाराचं कवच कसं द्यायचं हे पोरासोरांनाही माहीत असतं. तुम्हीही सुरुवात प्लास्टरनेच करा. मूळ नमुना काचेवर चिकटवा, भोवती चौकट, व्हॅसलीनचा पातळ हात, वर प्लास्टर. खरी परीक्षा नंतर असते: साचा हाडासारखा सुकला पाहिजे. वरून कोरडा वाटणारा साचा आतून ओला असतो आणि त्यात १७५ अंशांचा माल ओतला की बुडबुडे येतात, कधी माल उसळतो. कडक उन्हातही आठवडाभर थांबा. मग पाणी घातलेल्या फेव्हिकॉलचे दोन-तीन हात किंवा इपॉक्सी. इपॉक्सीने लुअरला चकाकी येते. कोकणातल्या जुलै महिन्यात प्लास्टरचा नवा साचा करायचा विचारही करू नका.

उघड्या साच्यातला लुअर एका बाजूने सपाट येतो. गांडुळाला, कोळंबीला ते चालतं. दोन्ही बाजूंनी गोल मासा हवा तर दोन पाखांचा साचा आणि माल आत दाबायला पिचकारीसारखा इंजेक्टर लागतो. सिलिकॉनचा साचा बारीक खवलेही उतरवतो. एक खाचखळगा इथे आहे: काही नमुन्याच्या मातीत गंधक असतं, आणि प्लॅटिनमच्या उत्प्रेरकाने घट्ट होणारं सिलिकॉन अशा मातीला लागून घट्टच होत नाही, चिकट राहतं. आधी छोट्या तुकड्यावर पाहा. ॲल्युमिनियमचा सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्राने कोरलेला, साचा सगळ्यात उत्तम आणि सगळ्यात महाग. तो घ्यावा, पण जो आकार आधी प्लास्टर-सिलिकॉनमधून विकला गेलाय त्याचाच. साचे जमवण्याचा नाद लागलेले लोक मी पाहिलेत. त्यांच्याकडे वीस आकार असतात आणि गिऱ्हाईक एकाचंही नसतं.

नमुना स्वतः कोरा. बाजारातला नावाजलेला लुअर प्लास्टरमध्ये दाबून साचा काढणं सोपं आहे, आणि त्याच्यावर विक्री उभी करणं मूर्खपणाचं. २००० च्या डिझाइन्स ॲक्टखाली नोंदलेल्या आकाराला दहा वर्षं संरक्षण असतं, ते आणखी पाच वर्षं वाढवता येतं. कायदा बाजूला ठेवला तरी, दुसऱ्याचा आकार दुसऱ्याच्या पाण्यासाठी असतो.

आमच्या खारेपाटात, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीत, जिताडा कुठे बसतो? उघाडीच्या, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या दाराच्या, तोंडाशी. सुकती (ओहोटी) लागली की शेतातलं पाणी उघाडीतून खाडीत येतं, त्यासोबत बोयटं आणि कोळंबी येते, आणि जिताडा कडेच्या संथ पाण्यात, प्रवाहाकडे तोंड करून, वाट बघतो. पाणी गढूळ. तिथे लुअर हळू ओढावा लागतो, आणि हळू ओढताना शेपूट हललं पाहिजे. परदेशी पॅडल टेल, म्हणजे पात्यासारख्या शेपटीचे लुअर, पुष्कळदा वेगाने ओढल्यावरच हलतात. म्हणून मी शेपटीच्या पात्याआधीची मान बारीक ठेवतो आणि माल मऊ. त्याची किंमतही मोजावी लागते: केंड माशाने एकदा चावा घेतला की शेपूट गेलं. कडक केला तर टिकतो पण मरतुकडा पोहतो. हा सौदा प्रत्येक पाण्यात वेगळा पडतो. खडकातल्या तांबोशीसाठी मी जरा चिवट माल देतो, पावसाळ्यात गोड्या पाण्यातल्या मरळीसाठी बेडूक ओततो तो आणखी वेगळा. तुमच्या गावच्या पाण्यात कोणता मासा कशावर तुटून पडतो हे तुम्हाला माहीत असेल, तर तीच तुमची पुंजी.

मिठाबद्दल विचारतात. बारीक मीठ घातलं की लुअर जड होतो, लवकर बुडतो, पण कमकुवतही होतो. घालायचंच तर कोरडं भाजून घाला, नाहीतर त्यातला ओलावा कपात फुटतो.

आता वहीबद्दल. दशांश ग्रॅम दाखवणारा काटा घ्या. दर वेळी लिहा: प्लास्टिसॉल कुठलं, मऊ करणारं द्रव्य किती, रंगाचे थेंब किती, चमकी किती, ओततानाचं तापमान, आणि तयार दहा लुअरचं मिळून वजन. वजन घसरलं तर साच्यात हवा राहिलीय किंवा इंजेक्टरचा दाब लवकर सोडलाय. माल थंड होताना आक्रसतो, म्हणून तोंडाशी थोडा जास्तीचा माल ठेवून काही क्षण दाब धरावा लागतो. नाहीतर पोटाला खड्डा पडतो. प्रत्येक वेळच्या मालातला एक लुअर तारखेची चिठ्ठी लावून बाजूला ठेवा. पुढचा माल झाला की दोन्ही बोटांत धरून वाकवून बघा. बोटाला कळतं. काट्याइतकाच माझा त्यावर विश्वास आहे.

तोंडाशी उरलेले तुकडे आणि फसलेले लुअर परत वितळवता येतात, पण प्रत्येक तापवणीत पिवळेपणा वाढतो. ते काळ्या, तपकिरी रंगात जिरवा. पांढरा आणि पारदर्शक नेहमी ताज्या मालाचा. रंग पाचच्या वर नकोत असं माझं मत. मोत्यासारखा पांढरा, काळा, पोपटी-पिवळा, कोळंबीचा पारदर्शक तपकिरी, आणि एखादा तुमच्या हट्टाचा. रंग वाढले की प्रत्येकाचा थोडा थोडा साठा पडून राहतो आणि नेमका मागितलेला संपलेला असतो.

हिशेब करताना फसगत कुठे होते तर कच्च्या मालात. दहा ग्रॅमचा लुअर धरला तर लिटरभर प्लास्टिसॉलमधून शंभरेक निघतात, त्यामुळे एका लुअरचा माल फारच स्वस्त वाटतो. पण पाकीट, लेबल, फसलेले नग, मास्कच्या बदलायच्या डब्या, वीज, कुरिअर आणि तुमचे तास धरा. मग दुकानदाराचा वाटा धरा. दुकानात माल ठेवायचा असेल तर दुकानदाराला परवडेल तीच छापील किंमत ठेवा आणि स्वतः व्हॉट्सॲपवर त्यापेक्षा स्वस्त विकू नका. नाहीतर दुकानदार दुसऱ्यांदा दारात उभं करत नाही. उधारीवर पहिला माल द्या, दुसरा पहिल्याचे पैसे आल्यावर.

जिगहेडही, म्हणजे लुअरमध्ये घालायचा शिशाच्या डोक्याचा गळही, करून देता का, असं हटकून विचारतील. शिसं ३२७ अंशांना वितळतं म्हणून सोपं वाटतं, पण शिशाची धूळ घरात नको. जुन्या बॅटऱ्या फोडून तर मुळीच नको. तयार घेऊन पाकिटासोबत द्या.

कागदपत्रं वाटतात तेवढी अवघड नाहीत. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंदणी, फुकट आणि ऑनलाइन होते. त्यासाठी कुणी पैसे मागितले तर निघून या. राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्याला वर्षाची उलाढाल ४० लाखांपर्यंत असेल तर जीएसटी नोंदणी लागत नाही. पण गोव्याला किंवा कारवारला पाकीट विकायचं म्हटलं की उलाढाल कितीही लहान असो, नोंदणी घ्यावी लागते. आमच्या धंद्यात गोव्याची गिऱ्हाइकं लवकर येतात, तेव्हा हे आधीच सी.ए.शी बोलून ठेवा. लुअर जीएसटीत ९५०७ या शीर्षकाखाली येतो. बंद पाकिटावर करणाऱ्याचं नाव-पत्ता, वस्तूचं नाव, नगांची संख्या, महिना-वर्ष, सर्व करांसह किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क छापणं बंधनकारक आहे.

पाकिटांत रंग मिसळू नका, एकाचा रंग दुसऱ्यात उतरतो. काही कडक प्लास्टिकच्या डब्या लुअरमधल्या तेलाने विरघळून चिकट होतात. पॉलिथिनची झिपची पाकिटं बरी. ताणले जाणारे, एलाझटेकसारख्या दुसऱ्या जातीच्या मालाचे लुअर आपल्या लुअरसोबत ठेवले तर दोन्ही एकमेकांना वितळवतात, हे गिऱ्हाइकाला सांगा. फाटलेले लुअर खाडीत टाकू नका, परत द्या, हेही सांगा. मी ते घेतो आणि काळ्या रंगात ओततो.

पाठवताना लुअर सपाट ठेवून मागे पुठ्ठा घाला. मे महिन्यात कुरिअरच्या गाडीत दाबला गेलेला लुअर वाकड्या शेपटीनेच पोचतो आणि वाकडाच पोहतो. तसा पोचलाच तर उकळून जरा निवलेल्या पाण्यात थोडा वेळ धरायचा, सरळ झाला की थंड पाण्यात टाकायचा. ही ओळ पाकिटाच्या मागे छापून घ्या, उन्हाळ्यातले बरेच फोन वाचतात.