टोपीवाला मफलर विणताना या चुका टाळा, माझ्या सगळ्या करून झाल्यात

"हे काय, इरलं विणलंस का गं?" आत्यांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, मफलर डोक्यावर घातला आणि आरशात बघून पहिलं वाक्य हे बोलल्या. आणि खरंच, मागून बघितलं तर पाटण-जावळीकडं भातलावणीला बायका पावसासाठी डोक्यावरून पाठीवर इरलं घेऊन वाकलेल्या असतात ना, तसंच दिसत होतं, डोक्यामागं टोकदार शेपूट, पुढनं टोपी भुवयांवर उतरलेली आणि दोन्ही पदर छातीपाशीच संपलेले. पंधरा दिवस मालिका बघत बघत विणलेला, एक टाका चुकलेला नव्हता, आणि तरी वस्तू वाया गेली.

त्यानंतर असे पाच-सहा विणून झाले, काही उसवून झाले, आणि एवढं कळलं की टोपीवाला मफलर सुईवर असताना फारसा बिघडत नाही. जे काय बिघडायचं ते सुई हातात घ्यायच्या आधी मापात नाहीतर सुई खाली ठेवल्यावर शिवणीत बिघडतं. सुईवरच्या चुका निस्तरता येतात, त्या पण सांगते, पण आधी माप.

लांबी टोपी खाऊन टाकते

प्रकार तसा सोपा आहे. एक लांब पट्टी विणायची, मधोमध दुमडायची, घडीपासून खाली एका कडेनं साधारण ३० सेंमी शिवायचं, झाली टोपी, उरलेले दोन पदर गळ्याला. धनगर पावसात घोंगडीची खोळ करून डोक्यावर घेतात, युक्ती तीच आहे, इथं लोकर आणि शिवण आली एवढंच. आणि सोपा आहे म्हणूनच सगळे साध्या मफलरचं माप धरून बसतात. मी पण १५० सेंमी धरलं, आमच्याकडं मफलर तेवढाच असतो म्हणून. आता हिशोब बघा, टोपीला दोन्ही बाजूंचे मिळून ६० ते ६५ सेंमी जातात, म्हणजे उरले ८५, त्याचे दोन भाग केले की एकेक पदर जेमतेम ४२. एवढ्यात गळ्याला वेढा बसत नाही, नुसते दोन फडके लोंबतात, आणि वारं नेमकं गळ्यातूनच आत शिरतं. एक पदर दुसऱ्या खांद्यावरून मागं टाकता यायला हवा असेल तर एकेक पदर ७५ ते ८० पाहिजे, म्हणजे सगळी पट्टी २१५ ते २२५ सेंमी. ऐकायला जास्त वाटतं, मला पण वाटलेलं, दोन गुंडे वाचवायला गेले आणि सात गुंडे उसवले.

टोपीचं माप अंदाजानं घेऊ नका. टेप एका बाजूच्या गळ्याच्या हाडापासून धरायची, डोक्यावरून सैलसर नेऊन दुसऱ्या बाजूच्या हाडापर्यंत आणायची, जे येईल त्याच्या निम्मं म्हणजे तुमची शिवण. त्याहून जास्त शिवलं की टोपी डोळ्यावर येते, कमी शिवलं की मान वळवली की मागं घसरते. आणि सगळ्यात बेस्ट म्हणजे घरातली जुनी ओढणी घ्या, मफलरच्या रुंदीएवढी घडी घाला, मधोमध दुमडून मागं सेफ्टी पिना लावा आणि ज्याच्यासाठी विणताय त्याला घालून घरात दहा मिनिटं फिरवा. फुकटात ट्रायल होते. लोक हसतात, हसू दे.

अंबाडा विसरू नका

हे मला कुठल्याच व्हिडिओत सापडलं नाही. पट्टीची रुंदी म्हणजे टोपीची खोली, म्हणजे कपाळापासून मागच्या शिवणीपर्यंतचं अंतर. साधारण २४-२५ सेंमी पुरतं, बॉबकट असेल किंवा टक्कल असेल तर आरामात पुरतं. पण अंबाडा असेल, जाड वेणी असेल, तर ती मागं जागा मागते आणि मग टोपीची पुढची कड कानावरून सरकत जाते, म्हणजे ज्या कानासाठी एवढं केलं तेच उघडे. आत्यांचा अंबाडा चांगला लिंबाएवढा नाही, मोसंबीएवढा आहे, त्यांच्यासाठी २८ घेतलं तेव्हा बसलं. माप घेताना केस रोज जसे बांधतात तसेच बांधायला सांगा, न्हाऊन मोकळे सोडलेले असताना घेऊ नका.

इरल्याचं टोक

चौकोनी कापड दुमडून शिवलं की मागं कोपरा येणारच, डोकं गोल आहे त्याला आपण काय करणार. लहान पोरांना ते टोक गोड दिसतं, त्याला गोंडा लावला की झालं. मोठ्या माणसाला मात्र ते काढावंच लागतं, आणि त्यासाठी उसवायची अजिबात गरज नाही. टोपी उलटी करा, कोपरा असा चपटा धरा की मागची शिवण बरोबर मधे येईल आणि कोपऱ्याचा त्रिकोण दिसेल, मग टोकापासून ४-५ सेंमी आत आडवी शिवण मारा. कापडी पिशवीचा तळ चौकोनी करायला शिवतात ना, तेच. त्रिकोण कापायचा नाही हां, विणलेलं कापलं की उसवत जातं, आतच दुमडून दोन टाक्यांनी टाचून टाका, तेवढी जास्तीची ऊब.

शिवणीचं अजून एक, दोरा ओढून शिवू नका. मी आधी गोधडीसारखं घट्ट शिवलं आणि मागून सगळी चुणी पडली. त्याच लोकरीनं, बिनटोकाच्या जाड सुईनं, दोन्ही कडा शेजारी शेजारी ठेवून सुलट बाजूनं शिवा म्हणजे आत कंगोरा येत नाही आणि मानेला टोचत नाही. आणि जिथं शिवण संपते, मानेपाशी, तिथं तीन-चारदा सुई फिरवा, काढता-घालताना सगळा ताण तिथंच येतो. पक्कं शिवायच्या आधी वेगळ्या रंगाच्या लोकरीनं कच्चं टाचून एकदा घालून बघायचं, हे मी आता कितीही घाई असली तरी सोडत नाही.

एका बाजूचं डिझाइन उलटं

भाचीसाठी पानांच्या नक्षीचा करायला घेतला, एका टोकाकडून सुरू करून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ विणत गेले, दुमडला तर डाव्या पदरावर पानं वरच्या दिशेनं आणि उजव्या पदरावर सगळी खाली डोकं करून. पट्टी दुमडल्यावर निम्मा भाग उलटा होणार हे नंतर इतकं सरळ वाटतं की स्वतःचाच राग येतो. वेणीचा पीळ किंवा चौकडा असेल तर फरक पडत नाही, तो दोन्हीकडून बराचसा सारखाच दिसतो. पण पानं, फुलं, हृदय, मोर असलं काही असेल तर दोन अर्ध्या पट्ट्या विणा, दोन्ही खालच्या टोकापासून सुरू करून, आणि डोक्याच्या वर जोडा. दोन्ही सुया एकत्र धरून तिसऱ्या सुईनं दोन्हींचा एकेक टाका बरोबर घेत बंद करत जायचं, जोड डोक्याच्या मधोमध येतो, कुणाला कळत पण नाही.

८ नंबर म्हणजे कुठला ८ नंबर?

यूट्यूबवर बघून विणणाऱ्यांसाठी हे फार महत्त्वाचं. आपल्याकडं दुकानात सुया मागतो तो जुना इंग्लंडचा नंबर, त्यात ८ नंबर म्हणजे ४ मिमी, १० नंबर म्हणजे सव्वातीन मिमी, नंबर वाढला की सुई बारीक. अमेरिकेतल्या बाईंनी व्हिडिओत ८ नंबर म्हणलं की ती ५ मिमीची सुई असते, आपल्याकडची ६ नंबर, आणि त्यांच्याकडं नंबर वाढला की सुई जाड होते. मी त्यांचे टाके मोजून घेतले आणि आपली ८ नंबर लावली, पट्टी पुठ्ठ्यासारखी कडक झाली आणि रुंदीला पण कमी भरली. त्यामुळं नंबर सोडा, मिमी बघा. आणि १० सेंमीचा नमुना विणून बघायचा कंटाळा करू नका. साधारण जाडीच्या डबल निटिंग लोकरीला ४ मिमीच्या सुईवर १० सेंमीत २२ टाके येतात, म्हणजे २५ सेंमीला ५५, पण तुमचा हात सैल असेल आणि २० च येत असतील तर त्याच ५५ टाक्यांची पट्टी साडेसत्तावीस सेंमी होते. अंबाडा असेल तर चालतंय म्हणा.

लोकर सगळी एकदम घ्या, मला २२० सेंमीच्या पट्टीला साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास लागली, रुंदी आणि वीण बदलली की बदलेल. लेबलवर लॉट नंबर असतो तो सगळ्या गुंड्यांवर एकच आहे का बघा. मी दोन गुंडे नंतर आणले, दुकानात ट्यूबलाइटखाली रंग डिट्टो वाटला, गच्चीत उन्हात धरला तर एक पदर मरून आणि दुसरा विटकरी. आणि पहिलाच मफलर असेल तर काळी लोकर नको, रात्री टाकाच दिसत नाही, केसाळ लोकर पण नको, ती उसवत नाही. माण-खटावकडच्या मेंढ्यांची लोकर घोंगडीसाठी एक नंबर, पण भरड असते, गालाला लागली की खाज सुटते, तिथं मऊच घ्या.

सुईवर होणारे घोळ

५६ टाके घातले आणि वीतभर विणल्यावर ६१ झाले, हा फोन मला दर थंडीत कुणाचा तरी येतो. दोन जागा तपासा. एक म्हणजे कडेचा पहिला टाका, लोकर सुईवरून मागं ओढली गेली की खालच्या टाक्याचे दोन्ही पाय वर येतात आणि एकाचे दोन टाके दिसतात, आपण दोन्ही विणतो, झाला एक जास्त. सुरुवात करताना लोकर खालच्या बाजूला, सुईच्या पुढं ठेवा. दुसरं म्हणजे दोन सुलट दोन उलट विणताना लोकर पुढं-मागं न्यायची असते ती दोन सुयांच्या मधून न्यायची, सुईवरून नेली की जास्तीचा वेढा पडतो, पुढच्या ओळीत त्याचा टाका होतो आणि खाली भोक. भोक दिसलं की समजा ते तिथंच झालंय. दर दहा ओळींनी टाके मोजा, म्हणजे उसवलं तरी दहाच ओळी.

टाका निसटून खाली शिडी पडली तर घाबरून सगळं उसवू नका. क्रोशाची सुई घ्या, सुलट बाजू समोर ठेवा, निसटलेल्या टाक्यात सुई घालून वरची पहिली आडवी दांडी ओढून घ्या, मग पुढची, असं वरपर्यंत. उलट टाक्याची शिडी असेल तर काम पालथं करून तेच करा. सुईवर परत चढवताना टाक्याचा उजवा पाय सुईच्या पुढं राहिला पाहिजे, नाहीतर टाका पिळलेला दिसतो. आणि ओळीच्या मधे लाइट गेली, दार वाजलं, काम ठेवून उठलात, तर परत बसल्यावर लोकर ज्या सुईला लटकतेय ती सुई उजव्या हातात, नाहीतर उलट्या दिशेनं विणायला लागता आणि एका बाजूला दोन ओळी जास्त होतात. शक्यतो ओळ संपवूनच उठा, दूधवाला थांबतो.

कडा गुंडाळतात ती तक्रार वेगळी. एक सुई, म्हणजे एक ओळ, सुलट आणि एक उलट असं सलग विणलं की दोन्ही बाजूंचा ताण सारखा नसतो, मग पट्टीच्या कडा मागं वळतात, तुमचा दोष नाही. दोन्हीकडं पाच-सहा टाके कायम सुलट ठेवा नाहीतर सगळीच वीण दोन सुलट दोन उलट घ्या. विणून झालाय आणि चेहऱ्याकडची कड वळतेय? त्या कडेनं दर चार ओळींमागं तीन टाके उचला आणि सात-आठ ओळी नुसत्या सुलट विणा, पट्टा बसतो आणि टोपीला आकार पण येतो. बंद करताना एक साइज जाड सुई घ्या, घट्ट बंद केलं तर टोपीची कड गालाला करकचते.

गाडीवर घालणार असाल तर

हेल्मेटखाली ही टोपी घालू नका, हेल्मेट नीट बसत नाही. टोपी मागं पाडायची, हेल्मेट घालायचं, आणि दोन्ही पदर जॅकेटच्या आत खोचायचे, स्कूटीच्या चाकात लोंबता पदर अडकला तर गळ्याला फास बसतो. लहान मुलांना तर लांब पदर ठेवूच नका, घसरगुंडीला अडकतात. त्यांच्यासाठी पदर आखूड करून हनुवटीखाली एक मोठं बटण लावा.

धुतल्यावर तारेवर टाकू नका, ओला मफलर स्वतःच्या वजनानं ताणत जातो, माझा एक गच्चीवरून उतरवला तेव्हा हातभर वाढला होता. टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी दाबून काढा आणि सपाट पसरून वाळवा. ॲक्रिलिकला गरम इस्त्री नको, एकदा चपटं आणि चकचकीत झालं की परत फुलत नाही, आणि खऱ्या लोकरीला गरम पाण्यात चोळणं नको, आटून वाटीएवढी टोपी होईल.

आत्यांचा तो पहिला मफलर उसवला, लोकर मॅगीसारखी कुरळी झालेली, तिची लडी करून कोमट पाण्यात बुडवली आणि खाली एक लाटणं अडकवून वाळत टाकली. कुरळेपणा सगळा नाही गेला, पण विणल्यावर दिसत नाही. दुसऱ्यांदा २२० चा केला, २८ रुंद, टोक आत शिवलेलं. मागच्या जानेवारीत महाबळेश्वरला वेण्णा लेककडं दव गोठल्याच्या बातम्या येत होत्या तेव्हा पहाटे साताऱ्यातल्या पोवई नाक्यापर्यंत फिरायला जाताना रोज तोच होता डोक्यावर. इरलं म्हणायचं मात्र सोडलं नाही, "माझं इरलं कुठं ठेवलंस गं?" असंच विचारतात.